दारावर ताब्याची नोटीस लागली, आता वकील कोणता करावा?

प्रश्न : हडपसरला आमचा फ्लॅट आहे. मिस्टरांची नोकरी गेली आणि आठ हप्ते थकले. बँकेच्या ६० दिवसांच्या नोटिशीला आम्ही उत्तर दिलं नाही. १८ दिवसांपूर्वी दारावर ताब्याची नोटीस चिकटवली. कर्ज दोघांच्या नावावर आहे, बाकी २२ लाख. ओळखीचे वकील म्हणतात, दिवाणी कोर्टातून स्टे आणतो. दुसऱ्या एकाचा फोन येतो, निम्म्यावर सेटलमेंट करून देतो म्हणून. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही नको. आणि आधी दिवस मोजा. ही कारवाई २००२ च्या सरफेसी कायद्याची आहे, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची. ताबा घेतल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज करता येतो. तुमच्या हातात २७ दिवस आहेत. पहिल्या नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून हा रस्ता बंद झालेला नाही.

तुमचे ओळखीचे वकील चांगले असतील, पण अशा वादात दिवाणी कोर्टाला याच कायद्याच्या कलम ३४ ने मनाई आहे. तिथे दावा लावून दोन तारखा पडल्या की तुमचे २७ दिवस संपतात. असं होऊन घर गमावलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं निक्षून सांगतो.

वकील शोधायचा तो पुण्याच्या डीआरटीत नेहमी उभा राहणारा. तिथे सकाळी जाऊन बसा, कर्जदारांच्या बाजूने कोण बोलतं ते बघा. भेटीत विचारा : सांकेतिक ताबा (नोटीस लावून कागदोपत्री घेतलेला) आणि प्रत्यक्ष ताबा (घर खरोखर हातातून जाणं) यात आपण कुठे आहोत? स्टे मिळाला तर किती रक्कम भरायला सांगतील? ‘काहीच भरावं लागणार नाही’ असं उत्तर आलं तर उठा. बहुतेक वेळा थकबाकीचा काही भाग भरण्याच्या अटीवरच स्टे मिळतो. नोटिशीतल्या चुकांवर कारवाई रद्द झाली तरी कर्ज राहतंच, हेही खरा वकील पहिल्याच भेटीत सांगतो.

फोनवाल्याला नाही म्हणा. वकिलाने असं फोन करून काम मागणं आणि वाचलेल्या पैशाचा टक्का फी म्हणून घेणं, दोन्हीला बार कौन्सिलची, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेची, मनाई आहे. सेटलमेंट करायची तर बँकेशी थेट, लेखी करा. आणि लवकर करा, कारण २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो.

फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि न्यायाधिकरणातल्या कामालाही तो मिळतो. अर्ज तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नको. यात लाजण्यासारखं काही नाही. खासगी वकील केलात तर फी किती आणि कोणत्या टप्प्यापर्यंत, हे कागदावर घ्या. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्स द्या.

आज एवढं करा : दारावरच्या नोटिशीचा तारीख दिसेल असा फोटो काढा, बँकेच्या नोटिशींची पाकिटं फेकली असतील तर शोधा, आणि कर्जखात्याचा पूर्ण उतारा बँकेकडे लेखी मागून पोच घ्या.