वडिलांची बंदूक माळ्यावर ठेवू नका

सिंधुदुर्गातल्या एका वाचकाने विचारले आहे: "वडिलांच्या नावे शेतसंरक्षणासाठी एकनळी बंदुकीचा परवाना होता. ते जाऊन आठ महिने झाले, बंदूक माळ्यावर आहे. परवा ग्रामसभेत काही जण म्हणाले, असले परवाने बंदच करा. आमच्या हक्कावर अशी चर्चा होऊ शकते का?"

होऊ शकते, आणि पूर्वी झालीही आहे. १८७८च्या कायद्याने भारतीयांना शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. तो सल मनात होता, म्हणून काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामतांनी तो संविधान सभेत मांडला. सभेने ऐकून घेतला आणि नाकारला. आज अनुच्छेद १९ एकत्र जमण्याचा हक्क देतो, तोही विनाशस्त्र. मला तो निर्णय योग्य वाटतो. तेव्हा ग्रामसभेतल्या बोलण्याचा राग धरू नका. डुकरांनी भाताची काय दशा केली, त्याचे पंचनामे घेऊन तुम्हीही तिथे उभे राहा. परवान्याचा निर्णय ग्रामसभा घेत नाही, जिल्हाधिकारी घेतात.

मला काळजी माळ्यावरच्या बंदुकीची आहे. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात तशी परवान्यावर चढत नाहीत. आज ती बंदूक विनापरवाना आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. शस्त्र कायद्याच्या कलम २१नुसार ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आठ महिने झाले म्हणून घाबरून आणखी थांबू नका. बंदूक खांद्याला लावून निघूही नका. आधी मृत्यूचा दाखला, परवान्याचे पुस्तक आणि लेखी अर्ज घेऊन ठाण्यात जा, शक्यतो वकिलासोबत, आणि बंदूक कशी आणायची ते विचारा.

मग स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करा. २०१६च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. भावंडांची संमती लेखी घ्या. अर्ज फेटाळला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात (कलम १४) आणि त्यावर अपील करता येते (कलम १८). हा मात्र तुमचा खराखुरा हक्क आहे, तो सोडू नका. परवाना मिळाला तरी रानडुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

बंदूक जमा करताना नळीवरचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहा, उरलेली काडतुसे मोजून द्या आणि दोन्हींची नोंद असलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.