भाजलेली जखम बघताना आधी त्वचेचे थर आठव

बर्न वॉर्डात नवी आहेस, तर भाजण्याचे प्रकार पाठ करण्याआधी त्वचा समजून घे. वरची बाह्यत्वचा अगदी पातळ असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. खालच्या अंतस्त्वचेत मात्र सगळा संसार आहे: रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी. नवी त्वचा मुख्यतः या मुळांत नि ग्रंथींत वाचलेल्या पेशींतून येते. त्याच जळाल्या, तर मोठ्या जखमेला बहुधा त्वचारोपण लागतं.

फोडाची साल निघाल्यावर तळ नीट बघ. निर्जंतुक हातमोजा घालून हलकेच दाब आणि सोड. ओलसर गुलाबी तळ पांढरा पडून लगेच पुन्हा गुलाबी झाला, तर भाजणं वरवरचं. लालभडक डाग दाबूनही तसाच राहिला, तर खोल. पांढरट, कोरडी, चामड्यासारखी त्वचा असेल आणि रुग्ण म्हणाला, ‘तिथे दुखत नाही’, तर लगेच वरिष्ठांना बोलाव. बहुधा मज्जातंतूच जळालेले असतात. पहिल्या दिवशीचा अंदाज कधीच अंतिम मानू नकोस, पुढच्या ४८ ते ७२ तासांत जखम खोल होऊ शकते.

किती अंग भाजलंय हे मोजताना रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराच्या एकूण त्वचेचा अंदाजे १ टक्का. नुसता लालसर भाग यात धरायचा नाही.

आणि घरच्यांनी फोनवर विचारलं तर ठामपणे सांग: २० मिनिटं नळाचं गार, वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको. लहान मूल असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवायला सांग, ती फार पटकन गारठतात.