गन कंट्रोलवर पहिल्यांदा बोलायला जातोयस ना, मग हे वाच
अरे आधी वॉशिंग्टनच्या मागे लागू नकोस, तिथे सिनेटमध्ये 100 पैकी 60 मतं जमल्याशिवाय सहसा काही हलत नाही. आपल्या स्टेटचा आमदार गाठ. फ्लोरिडाच बघ ना, 2018 ला पार्कलँडच्या शाळेत 17 जीव गेले, पोरं स्वतः राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीला जाऊन आमदारांसमोर उभी राहिली आणि महिन्याच्या आत रिपब्लिकन गव्हर्नरने सही केली, बंदूक विकत घ्यायचं वय 21 झालं, रेड फ्लॅग कायदापण आला, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने काढून घेता येते. बिलावरच्या सुनावणीत जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात सेकंड अमेंडमेंटवर (घटनेतला बंदूक बाळगायचा हक्क) भाषण ठोकू नकोस, बिलाचा नंबर आणि एकच मागणी, बस. आणि हो, सेमी-ऑटोमॅटिकला (ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी) मशीनगन म्हणालास की समोरचा तेवढंच धरून बसतो. शिकारवाल्यांशी भांडू नकोस, बॅकग्राउंड चेकला (बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याची तपासणी) त्यांच्यातले बरेच जण हो म्हणतात.