१९४० च्या आसपासच्या अमेरिकन गाडीच्या डॅशबोर्डवर कंपनीसारखं लाकडी फिनिश पुन्हा कसं आणायचं?

त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत डॅशबोर्ड आणि काचांभोवतीच्या पट्ट्या पत्र्याच्याच असायच्या. लाकडाच्या रेषा वरून छापलेल्या. त्यामुळे पद्धतही छपाईचीच: कोरलेल्या प्लेटवर शाई पसरा, पातीने जादा शाई खरवडा, मऊ रोलरने नक्षी उचला आणि न थांबता एका दमात पत्र्यावर फिरवा. बिघडलं तर शाई ओली असतानाच पुसून टाका. खालचा रंग मात्र पक्का वाळलेला हवा.

खरी मेख त्या खालच्या रंगातच आहे. तो गडद मारला की रेषा बुडाल्याच म्हणून समजा. मूळ छटा बघायला अ‍ॅशट्रे काढून आतली कड किंवा काचेच्या पट्टीखाली दडलेला भाग बघा; उन्हात राहिलेला पृष्ठभाग हमखास फसवतो.

कोपऱ्यात रोलर पोचत नाही, तिथे बारीक ब्रशने रेषा जुळवून घ्या. शाई पूर्ण वाळू द्या. क्लिअर लॅकरचे पहिले हात अगदी हलके, धुक्यासारखे. सुरुवातीलाच जाड ओला थर दिला तर रेषा विरघळून फिसकटतात.

लाकडी छापाचं व्हिनाइल स्टिकर स्वस्त पडतं खरं, पण गोलाईवर सुरकुत्या पडतात. मी तरी लावणार नाही.