चित्र सापडलं, चित्रकार कुठाय?

प्रश्न : मी इलस्ट्रेशन शिकते आहे. पिंटरेस्टवर शेकडो चित्रं साठवली, पण आता सगळी एकाच हातची वाटतात आणि चित्रकारांची नावं तर माहीतच नाहीत. नवं, चांगलं काम कुठे शोधू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पिंटरेस्ट तुम्ही साठवलेल्यासारखंच पुढे आणून ठेवतं. चार निळ्या खिडक्या साठवल्या की आठवडाभर खिडक्याच! शिवाय तिथे चित्र कुणीही टाकतं, तेही कापूनछाटून, आणि छाटला जातो तो नेमका सहीचा कोपरा.

साठवलेल्यांपैकी मनापासून आवडलेली दहाच निवडा. एकेक चित्र टिनआयवर, म्हणजे चित्र देऊन ते आणखी कुठे आहे हे शोधणाऱ्या संकेतस्थळावर, चढवा आणि निकाल ‘ओल्डेस्ट’ क्रमाने लावा. पहिला दुवा मूळचाच असेल असं नाही, कारण ती तारीख टिनआयला चित्र प्रथम दिसल्याची असते. तिथे हाती काही लागलं नाही तर गूगल लेन्स. मात्र निवडीची चौकट चित्रापुरतीच आवळा. अख्खा स्क्रीनशॉट दिला की लेन्स आजूबाजूच्या बटणांमागे आणि अक्षरांमागे धावतं. लेन्स मिळतंजुळतं भलतंच चित्रही दाखवतं, तेव्हा रेषा ताडून पाहा. नाव कळलं की चित्रकाराचं स्वतःचं संकेतस्थळ किंवा बिहान्सचं (चित्रकार आपलं काम मांडतात ते संकेतस्थळ) पान गाठा. कच्ची रेखाटनं सापडली तर तिथेच सापडतात, आणि शिकायचं असतं ते त्यांच्यातूनच.

नव्या नावांसाठी माणसांनी केलेली निवड बरी. इटलीत बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात १९६७पासून इलस्ट्रेटरांचं प्रदर्शन भरतं. प्रत्येकाला पाच चित्रं द्यावी लागतात, त्यामुळे एखादंच चित्र जमून गेलं, एवढ्यावर भागत नाही. निवडलेल्यांची नावं मेळ्याच्या संकेतस्थळावर असतात. दिवसाला तीन नावं पाहा, बास.

आपल्याकडचं काम पाहायचं तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे बालपुस्तकांचं संकेतस्थळ. तिथे मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. गोष्ट संपली म्हणून लगेच बंद करू नका. कुठल्या पानावरचं चित्र कुणाचं, हे अगदी शेवटी बारीक अक्षरांत दिलेलं असतं. ते नाव तिथल्याच शोधचौकटीत टाका.

प्रश्न : स्टोरीवीव्हरवरची चित्रं माझ्या पोस्टरमध्ये वापरली तर चालतील? (एक शिक्षक, चिपळूण)

उत्तर : तिथली बहुतेक चित्रं सीसी बाय ४.० (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, नाव देऊन वापरू देणारा) परवान्याखाली आहेत, म्हणजे ती वापरता, बदलता, अगदी विकताही येतात. चित्रकाराचं नाव आणि परवान्याचा दुवा द्यायचा, बदल केला असेल तर तसं लिहायचं. तरी प्रत्येक पुस्तकाचा परवाना शेवटच्या पानावर पाहून घ्या. पिंटरेस्टवरून उचललेल्या चित्राला ही मुभा नाही.