जुनी स्पोर्ट्स कार वर्षातून कधी घ्यावी? ठाण्यात राहतो, डिसेंबरपर्यंत थांबू का?

थांबू नका. गाड्या बघायला जुलै-ऑगस्टमध्ये सुरुवात करा आणि सौदा पितृपक्षात करा. घटस्थापनेच्या आत टोकन दिलेलं असलं पाहिजे.

तुम्ही लिहिलंय की परदेशातले सगळे जाणकार ‘हिवाळ्यात घ्या’ म्हणतात. त्यांच्याकडे ते बरोबरच आहे. तिकडे बर्फ पडतं, रस्त्यावर मीठ टाकतात, उघड्या छताची दोन सीटची गाडी काही महिने गॅरेजमध्ये पडून राहते. गिऱ्हाईक नसतं, भाव नरमतो, आणि ऊन पडायला लागलं की पुन्हा चढतो. आपल्याकडे सगळं उलटं. ठाणे-नवी मुंबईत छत उघडून गाडी चालवावीशी वाटते ती नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. रविवारी पहाटे पाम बीच रोडला उभे राहा, डिसेंबरमध्ये कोणकोणत्या गाड्या बाहेर पडतात ते दिसेल. सगळ्यांना हौस तेव्हाच येते, म्हणून विकणारा तेव्हाच ताठ असतो. या गाड्यांची मंदी इथे जून ते सप्टेंबर.

मी घणसोलीला राहतो, एक जुनी मर्सिडीज एसएलके (दोन सीटची, छत उघडणारी) बाळगून आहे, आणि मित्रांसाठी गाड्या बघायला जाणं हा माझा सुट्टीचा उद्योग आहे. पावसाळ्यात अशा गाडीच्या मालकाची काय अवस्था होते ते जवळून पाहिलंय. गाडी जमिनीपासून सव्वाशे मिलिमीटरच्या आगेमागे. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, खड्डे, आणि खड्ड्यांत पाणी साचल्यामुळे खोली कळत नाही. लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या कडेचा टायर एका आपटीत फुगतो, अलॉय चाक वाकतं. एकदा असा खर्च झाला की माणूस गाडी कव्हरखाली घालतो. मग बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, हप्ता चालू राहतो, आणि सोसायटीतली एकुलती एक पार्किंगची जागा अडलेली म्हणून घरचे बोलत राहतात. गणपतीपर्यंत हा माणूस ‘बघू’ म्हणतो. गणपती झाले की ‘देऊन टाकू’ म्हणतो. भाव नेमका किती उतरतो याचा ठरलेला आकडा नाही, गाडीगणिक बदलतो, पण घासाघिशीत वरचढ कोण हे मात्र नक्की बदलतं.

भावापेक्षाही मला पावसाळा आवडतो तो दुसऱ्या कारणासाठी: पावसात गाडीला खोटं बोलता येत नाही. जानेवारीत कोरड्या हवेत कुठलीही पॉलिश मारलेली गाडी देखणी दिसते. जुलैमध्ये दार उघडल्याबरोबर वास सांगतो. कन्व्हर्टिबल (छत उघडणारी) असेल तर सीटमागच्या कार्पेटखाली हात घाला, बूटमध्ये स्टेपनीच्या खळग्यात बघा. छताच्या कडेनं पाणी वाहून जायच्या नळ्या पानांनी, धुळीनं चोंदतात आणि पाणी आत मुरतं. बऱ्याच कन्व्हर्टिबलमध्ये बूटच्या बाजूला छताचा हायड्रॉलिक पंप किंवा इतर इलेक्ट्रॉनिक्स असतात, तिथे ओल गेली की खर्च लाखात जातो. छत पूर्ण उघडून पूर्ण बंद करायला लावा, एकदा नव्हे, दोनदा. हेडलाइटमध्ये आतून वाफ धरली आहे का बघा. एसीनं समोरची काच किती वेळात साफ होते ते बघा. आणि खड्ड्यांतून हळू चालवताना सस्पेन्शनचा आवाज ऐका. ते कोरड्या, गुळगुळीत पाम बीचवर कधीच ऐकू येणार नाही.

टायरवरचे चार आकडे वाचायला विसरू नका. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘फक्त अठरा हजार किलोमीटर चाललीय’ असं सांगितलेल्या गाडीवर सात-आठ वर्षांचे मूळ टायर निघतात, नक्षी नवीकोरी आणि रबर टणक. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीत असे टायर ओल्या रस्त्यावर सरळ धोका आहेत, आणि चार नवीन टायरांचा खर्च भावातून मागायला तुम्ही मोकळे.

पावसात एक गोष्ट मात्र लपते, ती म्हणजे रंग. ओली गाडी नेहमी छान दिसते. म्हणून दुसऱ्या फेरीला गाडी कोरडी, दिवसाउजेडी बघा. इंजिनचा खरा दमही पावसात कळत नाही आणि कळून घ्यायचा प्रयत्नही करू नका. त्यासाठी त्या ब्रँडच्या वर्कशॉपमध्ये तपासणी करून घ्या. तुर्भे-शिरवणे एमआयडीसीच्या पट्ट्यात अशी वर्कशॉप बरीच आहेत. मालक तपासणीला नाही म्हणाला तर पुढचं बोलणंच नको. कोलशेतला एका गृहस्थांनी मला ‘पाऊस थांबल्यावर या, चिखलात गाडी काढत नाही’ असं सांगितलं होतं. कदाचित खरंच जपत असतील. मी काही परत गेलो नाही.

आता पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल, कारण ऑगस्टनंतर बाजारात तीच भीती असते. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरात, नवी मुंबईत बेलापूरच्या सखल भागात पाणी भरतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि जमिनीलगतच्या गाडीच्या आत पाणी शिरायला कमरेएवढा पूर लागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे ब्रॅकेट गंजलेत का बघा. इन्शुरन्स पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस वाचा: तो दरवर्षी क्लेम न केल्यास २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. सहा-सात वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर तो शून्य किंवा २० दिसला तर बहुधा अलीकडे क्लेम झालाय; कशाचा, ते विचारा. पण यंदाच्याच जुलैत बुडालेली गाडी चालू पॉलिसीवर पकडता येणार नाही, कारण तो क्लेम पुढच्या नूतनीकरणात दिसेल. म्हणून गाडी जुलैपासून नजरेखाली असलेली बरी. सप्टेंबरमध्ये अचानक उगवलेल्या, आतून नवीन कार्पेट घातलेल्या स्वस्त गाडीपासून लांब राहा.

पितृपक्ष का? भाद्रपदाचा हा कृष्ण पक्ष आला की वाहनखरेदी जवळजवळ थांबते. तुमचा विश्वास असो वा नसो, विकणाऱ्याचा फोन वाजायचा बंद होतो हे खरं. त्यानंतर लगेच नवरात्र, दसरा, दिवाळी, आणि गर्दी परत येते. म्हणजे वर्षातला सर्वात शांत पंधरवडा सर्वात गजबजलेल्या महिन्याच्या अगदी तोंडाशी आहे. घरातून विरोध होईल, तर त्याला जुना तोडगा आहे: टोकन आत्ता, डिलिव्हरी घटस्थापनेला किंवा दसऱ्याला. माझ्या आईलाही हे चाललं. फक्त टोकनची पावती लेखी घ्या, त्यात ठरलेली पूर्ण किंमत आणि डिलिव्हरीची तारीख लिहून घ्या, आणि तोवर गाडी कुणी चालवायची नाही हेही. दसरा जवळ आला की मालकाला जास्तीचे फोन येतात आणि तोंडी शब्द पातळ होतो. अधिक महिन्यातही बाजार असाच थंडावतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून होता, म्हणजे त्या वर्षी पावसाच्या आधीच एक जादा संधी.

डिसेंबर पूर्ण वाईट नाही. वर्ष बदलायच्या आत विकायची काहींना घाई असते, कारण १ जानेवारीला गाडी कागदावर एक वर्षानं म्हातारी होते. पण मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच का जाऊ नये? गाडी तीच आणि मुद्दा तुमच्या हातात. तरीही हवा छान असल्यामुळे पावसाळ्याइतकी सूट मिळत नाही. मार्चअखेरीला कंपनीच्या नावावरच्या गाड्या हिशेबासाठी निघतात, त्यांत विकणाऱ्याचा जीएसटी आणि कंपनीचा ठराव हे जादा कागद आले. गुढीपाडव्याची गर्दीही तेव्हाच.

महिन्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्या एका गाडीचं स्वतःचं कॅलेंडर. इन्शुरन्स कधी संपतोय, वॉरंटी कधी, मोठी सर्व्हिस कधी? मोठा खर्च पंधरा दिवसांवर आलेला मालक दसऱ्यातसुद्धा ऐकतो.

भाव सांगताना कोणी ‘नवी अमुक लाखांना पडली होती’ म्हणाला तर त्याला आठवण करून द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनच्या नवीन गाड्यांवर सेससह ४८-५० टक्क्यांऐवजी सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. जुन्या बिलावर मोजलेला भाव आता टिकत नाही. बाहेरच्या राज्याची पासिंग असलेली गाडी स्वस्त दिसते त्याचंही कारण आहे. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाड्यांवर रोड टॅक्स २० टक्के, आणि स्पोर्ट्स गाड्या बहुतेक आयातच. बाराहून जास्त महिने इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि गाडीच्या वयानुसार टॅक्सही. तो आकडा आरटीओतून काढल्याशिवाय भावाचं बोलूच नका. एमएच ०४ (ठाणे) किंवा ४३ (नवी मुंबई) मिळत असेल तर थोडे जास्त द्या.

एक अपवाद: गाडीच दुर्मीळ असेल तर ऋतू विसरा. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २४५ भारतात २०० आल्या. चांगली, न छेडलेली एक दिसली तर पितृपक्षाची वाट बघेपर्यंत ती जाते. अशी गाडी मे महिन्यात मिळाली तरी घ्या. सायलेन्सर बदललेली, रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) मात्र कुठल्याही महिन्यात नको. क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं.

सौदा झाला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ सुद्धा. मालकानं आरटीओला चौदा दिवसांत कळवायचं असतं, तुम्ही तीस दिवसांत. इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला चौदा दिवस आहेत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तेव्हा फरकाची रक्कम भरायची तयारी ठेवा.