टॅबवर कोडिंग जमेल का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: मुलगी इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपऐवजी कीबोर्डसह आयपॅड प्रो मागतेय. घ्यावा का?

आधी लॅपटॉप घ्या. आयपॅडची ताकद कमी पडते असं नाही. 2021पासून आयपॅड प्रोमध्ये मॅकमधलीच एम मालिकेची चिप येते. पण आयपॅडओएस प्रत्येक ॲपला आपापल्या कप्प्यात कोंडून ठेवतं. एकीकडे डेटाबेस चालू, दुसरीकडे सर्व्हर, कोड बदलला की ब्राउझरमध्ये लगेच निकाल, ही रोजची साखळी तिथे धड जुळत नाही. प्रोग्राम त्याच्या सगळ्या लवाजम्यासह वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकर चालत नाही. ॲप्स बनवायचं ॲपलचं स्वतःचं सॉफ्टवेअर, एक्सकोडसुद्धा आयपॅडसाठी नाही. ॲपलच्याच स्विफ्ट प्लेग्राउंड्स या ॲपमध्ये छोटी ॲप्स बनवून ॲप स्टोअरला पाठवता येतात, तेवढंच. आयएसएच नावाच्या ॲपमध्ये लिनक्स मिळतं, पण ते दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून चालतं, त्यामुळे एखादं मोठं पॅकेज टाकायला घेतलं की ताटकळत बसावं लागतं. एवढी तगडी चिप असून विद्यार्थ्यांना तिचा असा उपयोग करता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बजेटचा प्रश्न असेल तर 16 जीबी रॅमचा सेकंडहँड लॅपटॉप बघा. नोट्ससाठी साधा टॅब नंतर घेता येईल.

प्रश्न: मी लिनक्स सर्व्हर सांभाळतो. सुट्टीत गावी जाताना फक्त आयपॅड नेला तर भागेल?

तुमचं भागेल, कारण तुमचं काम मुळात दुसऱ्याच मशीनवर चालतं. ॲप बदललं की आयपॅड मागचं ॲप थोड्या वेळाने झोपवतो आणि सर्व्हरशी जोडणारं साधं एसएसएच कनेक्शन तुटतं. म्हणून ब्लिंक शेल या टर्मिनल ॲपमधून मॉश (नेट तुटलं तरी पुन्हा जोडून घेणारा एसएसएचचा पर्याय) वापरा आणि सर्व्हरवर टीमक्स (काम मागे चालू ठेवणारा प्रोग्राम) लावून ठेवा. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात तरी सेशन टिकतं. व्हिम हा सतत एस्केप लागणारा एडिटर वापरत असाल तर कीबोर्ड तपासा: 2024च्या आधीच्या मॅजिक कीबोर्डला एस्केपचं बटण नाही. सेटिंग्जमध्ये कॅप्स लॉकला एस्केप करून घ्या, दोन दिवसांत बोटांना सवय होते. गावी रेंज मिळते का, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न: घरी अँड्रॉइड टॅब पडून आहे. त्यावर पायथन शिकता येईल?

नक्की. टर्मक्स हे टर्मिनल ॲप टाका, पण एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून. पायथन, गिट, नोड सगळं टॅबवरच चालतं, नेट लागतं ते फक्त इन्स्टॉल करताना. अँड्रॉइड 12पासून सिस्टिम मागे चालणाऱ्या जादा प्रोसेस बंद करते, त्यामुळे मोठं बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम) मध्येच मरू शकतं. शिकताना ही अडचण सहसा येत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड जोडा, काचेवर कंस टाइप करून जीव मेटाकुटीला येतो.

प्रश्न: ऑफिसच्या कामासाठी सरफेस प्रो चालेल?

चालेल. त्यात पूर्ण विंडोज आहे, व्हीएस कोड हा एडिटर आणि विंडोजमध्येच लिनक्स देणारं डब्ल्यूएसएल दोन्ही चालतात. आर्म चिपचं (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं) मॉडेल घेणार असाल तर ऑफिसचं व्हीपीएन त्यावर चालतं का, हे आयटीवाल्यांना आधी विचारा. कीबोर्ड सहसा वेगळा घ्यावा लागतो, त्याचेही पैसे धरा.